नववा प्रश्न

समुपदेशनाला जायचं ठरल्यावर मी आधी ओळखीतलं माणूस शोधलं. आपल्याकडे डॉक्टरपासून प्लंबरपर्यंत सगळे ओळखीतलेच लागतात. आईच्या मैत्रिणीची मुलगी पुण्यातच समुपदेशन करते. तिला फोन केला तर म्हणाली, "अरे, मी तुला घेऊ शकत नाही. उद्या तुला तुझ्या आईबद्दलच बोलायचं असेल तर? आणि दिवाळीला मी तुमच्याकडे फराळाला आले, की मी कोण?" ज्याच्याशी आधीच नातं आहे त्याचा समुपदेशक व्हायचं नाही, हा या पेशातला मूळ नियम मला असा कळला. तिने दुसऱ्या एका बाईंचा नंबर दिला.

मी हिंजवडीत बॅकएंडचं काम करतो. टीममधली निम्मी माणसं कमी झाली आणि त्यांची कामं आमच्यावर आली. ऑन-कॉल असताना रात्री दोनला फोन वाजायचा. पुढे फोन न वाजताही दोनला जाग यायला लागली. कंपनीच्या ॲपवर मोफत समुपदेशन होतं, पण कुणी त्या वाटेला जात नव्हतं. एचआरला कळलं तर? पुढच्या यादीत आपलं नाव आलं तर? म्हणून मी पदरचे पैसे भरले.

बाईंनी पहिल्यांदा संमतिपत्र पुढे ठेवलं. न वाचता 'आय ॲग्री' दाबणारी आपली पिढी. मी सही करायला पेन उचललं. त्यांनी थांबवलं आणि एकेक ओळ वाचून दाखवली. इथलं बोलणं इथेच राहील. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही गोपनीयतेचा हक्क दिलाय. पण अपवाद आहेत: तुमच्या जिवाला धोका, दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका, कोर्टाचा आदेश.

यातल्या दुसऱ्या अपवादाशी एक गाजलेला खटला जोडलेला आहे. 1969 साली कॅलिफोर्नियात तातियाना तारासॉफ या तरुणीचा खून झाला. मारणारा भारतातून तिथे शिकायला गेलेला विद्यार्थी होता. आपला इरादा त्याने आधी थेरपिस्टला सांगितला होता. थेरपिस्टने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं, पण तातियानाला कुणीच सावध केलं नाही. 1976 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला वाचवण्यासाठी योग्य ती पावलं उचलणं हे थेरपिस्टचं कर्तव्य आहे. मला यातली एक गोष्ट पटली. गुपित कुठे संपतं, हे बोलायला लागण्याआधीच सांगितलं जातं.

मग पीएचक्यू-9 नावाची प्रश्नावली आली. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. दहाच्या पुढे गेलं की नीट तपासणी हवी. माझे 14 आले. मी तो आकडा डॅशबोर्डसारखा बघत बसलो. बाई म्हणाल्या, "हा थर्मामीटर आहे. ताप आहे एवढं सांगतो, कशाने आलाय ते नाही." आणि त्यांनी बेरीज सोडून नवव्या प्रश्नावर बोट ठेवलं. मेलेलं बरं, किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार येतात का? मी 'काही दिवस' यावर खूण केली होती. गुण फक्त एक. बेरजेत तो दिसतही नव्हता.

त्यांनी सरळ विचारलं, "मरायचा विचार येतो का? काही ठरवलंय?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा आपल्याकडचा समज; संशोधन त्याला दुजोरा देत नाही. मला तर विचारल्यावर हलकं वाटलं. ठरवलं काहीच नव्हतं. सकाळ होऊच नये, एवढंच वाटायचं. मग आम्ही एका कागदावर लिहून काढलं: असं वाटलं की काय करायचं, कुणाला फोन करायचा. त्यात टेलि-मानसचा 14416 हा नंबर होता आणि दादाचा. "त्यांना सांगायचं का? कधी सांगायचं?" हे त्यांनी मला विचारलं. मी तिथूनच फोन लावला. दादा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "जेवलास का? मी रात्रीच्या गाडीने निघतो."

औषधाचं बाईंनी स्पष्ट सांगितलं, "तो माझा अधिकार नाही, मनोविकारतज्ज्ञांना भेटा." स्वतःच्या कामाची हद्द ओळखणं हेही नीतीतच येतं.

पुढच्या भेटींत त्या आधी नुसतं ऐकायच्या. कार्ल रॉजर्स म्हणायचे तसं, तोलून-मापून न बघता. त्यानंतर अल्बर्ट एलिस आले. त्यांनी 1955च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत कि. मो. फडके यांच्या पुस्तकांनी पोचवली. घटना आपल्याला जेवढा त्रास देते, त्याहून जास्त त्रास तिच्याबद्दलचा आपला हट्ट देतो, असं ती सांगते. मराठीत तो हट्ट एका अक्षरात मावतो: 'च'. मला जमलंच पाहिजे. नोकरी टिकलीच पाहिजे. बाई वहीत माझी वाक्यं लिहायच्या आणि मला 'च' खोडायला लावायच्या. नोकरी टिकावी असं मला वाटतं. गेली तर अवघड जाईल, पण मी संपणार नाही. हे वाक्य खरं वाटायला बरेच आठवडे लागले. माणसं कमी करणारी कंपनी मात्र त्याने बदलली नाही, आणि तसं बाईंनीही कधी भासवलं नाही.

आता टीममधल्या दोघांना माहीत आहे मी कुठे जातो. परवा एका ज्युनिअरने हळूच विचारलं, "त्या ॲपवरचं एचआरला कळतं का?" मी म्हटलं, "पहिल्या भेटीत हेच विचार. काय लिहून ठेवता, कुणाला दाखवता, शिक्षण काय, कुणाच्या देखरेखीखाली काम करता. उत्तर द्यायला का-कू केली, तर उठून ये. पण मग दुसरीकडे जा."