चाकाचे माहेर

आपल्याकडे नवा माणूस भेटला की नाव सांगून होते न होते तोच दुसरा प्रश्न येतो, "गाव कोणतं?" आंब्याला आपण गाव विचारतो, तांदळाला विचारतो, आणि पैठणीची तर गाव विचारल्याखेरीज घडीही मोडत नाही. चाकाला गाव विचारणारा माणूस मात्र माझ्या पाहण्यात नाही. फिरणे हाच ज्याचा धर्म, त्याला गाव कसले, असे आपण धरून चालतो. त्यातून जे चाक डांबरी सडक सोडून शेतात, खाणीत, दगडधोंड्यांत आणि चिखलात राबते, त्याच्याकडे पाहायला शहरातल्या माणसाला सवड कुठली? ट्रॅक्टर दिसला तर आपण त्याचा लाल-निळा रंग पाहतो. चाक बिचारे चिखलातच राहते.

अशा चाकांचे एक माहेर आपल्या अगदी जवळ आहे. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, छावणी ओलांडून नगर नाक्यावर आलात की रस्त्याला दोन फाटे फुटतात. उजवा फाटा देवगिरीच्या किल्ल्यावरून वेरूळला जातो. डावा फाटा नगरकडे जातो आणि वाटेत त्याला वाळूज लागते. पाहुणे बहुधा सगळे उजवीकडे वळतात. डोंगर कोरून कैलास उभा करणाऱ्या हातांपुढे नतमस्तक व्हायला देशोदेशींचे लोक येतात, ते योग्यच आहे. पण डावीकडेही हातांचेच काम चालते, आणि ते आजही चालू आहे, हे पुष्कळांच्या गावी नसते.

डाव्या रस्त्यावर आधी पंढरपूर लागते. भीमाकाठचे नव्हे, हे धाकटे. आषाढीला येथल्या विठोबाच्या दर्शनाला पंचक्रोशीतून रीघ लागते. पुढे बजाजनगर आणि मग कारखान्यांच्या रांगा. १९८५ साली बजाजच्या दुचाक्या येथे तयार होऊ लागल्या आणि ज्वारी-बाजरीच्या या माळावर भोंगे वाजू लागले. १९८७ मध्ये मुंबईच्या बालकृष्ण इंडस्ट्रीजने आडवाटेच्या टायरांच्या धंद्यात पाऊल टाकले. तिचा पहिला टायर-कारखाना याच परिसरातला. मागाहून राजस्थानात भिवाडी आणि चोपांकी, कच्छात भुज, असा तिचा विस्तार झाला. धंद्यातली मंडळी या टायरांना 'ऑफ-रोड' म्हणतात. आपण 'आडवाटेचे टायर' म्हणू.

माझा एक जुना विद्यार्थी येथल्याच एका टायरच्या कारखान्यात आहे. बी. ए.ला त्याने मराठी घेतले होते आणि मराठी घेणाऱ्या पुष्कळांप्रमाणे तो भलत्याच ठिकाणी चिकटला. त्याच्यामुळे मला आत जायला मिळाले. एका प्रचंड टायरपाशी थांबून तो म्हणाला, "सर, हे वाचून दाखवा."

टायरच्या बाजूवर अक्षरे होती : ७१०/७० आर ४२.

"हे तर पाणिनीचं सूत्र दिसतंय," मी म्हणालो.

"सूत्रच आहे, सर. ७१० मिलिमीटर रुंदी. बाजूची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के. आर म्हणजे रेडियल, आतले धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ गेलेले. आणि ४२ हा रिमचा व्यास, पण तो इंचांत."

एकाच ओळीत मिलिमीटर आणि इंच सुखाने नांदताना पाहून मला आपल्या बखरींची आठवण झाली. त्यांत संस्कृत आणि फारसी शब्द असेच मांडीला मांडी लावून बसलेले असतात. सूत्र सोडवले तेव्हा टायरची उंची दोन मीटरांहून थोडी अधिक भरली. मी हात उंचावला तेव्हा कुठे बोटे त्याच्या माथ्याला लागली.

एवढा मोठा टायर कशासाठी? आपल्या मोटारीच्या टायरमध्ये दर चौरस इंचाला तीसेक पौंड दाबाची हवा असते. शेतात चालणाऱ्या मोठ्या टायरमध्ये ती याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी ठेवता येते. चाकाचा जमिनीवर पडणारा दाब ढोबळमानाने आतल्या हवेच्या दाबाइतकाच असतो. टायर जितका रुंद आणि मऊ, तितका भार अधिक जागेवर पसरतो आणि माती कमी दबते. दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, हवा खेळत नाही, पिकाची मुळे खाली उतरत नाहीत. तेव्हा हा अजस्र टायर खरे तर जमिनीवर हलक्या पावलाने चालण्यासाठी केलेला असतो. त्याच्या अंगावरची नक्षीही जमीन पाहून बदलते. साध्या शेतासाठी बाणाच्या टोकासारखे तिरपे उंचवटे, भाताच्या किंवा उसाच्या ओल्या रानासाठी तेच जवळजवळ दुप्पट खोल, आणि हिरवळीवर फिरणाऱ्या यंत्रासाठी अगदी उथळ, गवत दुखावू नये म्हणून.

आता हा टायर होतो कसा ते पाहू. रबर, काजळी, गंधक आणि इतर द्रव्ये मोठ्या यंत्रात कणीक तिंबावी तशी तिंबतात. काजळीने रबराला काळा रंग येतो आणि झिजेला तोंड देण्याची ताकदही येते. मग त्याच्या लाट्या होतात. धाग्यांच्या कापडावर रबराचा थर चढतो. पोलादी तारेची कडी वळली जाते. याच कडीच्या जोरावर टायर रिमला घट्ट धरून बसतो. येथवर यंत्रे. पुढे एका फिरत्या पिंपापाशी माणूस उभा असतो. तो कापडाचा एकेक थर त्या पिंपावर चढवतो, सांधा जुळवतो, वरून रूळ फिरवून आतली हवा बाहेर काढतो. थरांमध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला तर उद्या हजारो मैलांवर, कुणाच्या तरी शेतात, ऐन सुगीत तो टायर दगा देईल. हे कच्चे टायर दिसायला नक्षीवाचून गुळगुळीत असते. मग ते पोलादी साच्यात जाते. आतल्या रबरी पिशवीत वाफ सोडली जाते, दीडशे अंशांच्या आसपास उष्णता मिळते आणि चिकट रबर कायमचे चिवट होते. गंधक आणि उष्णता यांची ही किमया चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडली. मोटारीचा टायर पाव तासात शिजतो. या थोरल्या टायरांना तास किंवा कित्येक तास लागतात.

"मोटारीचा टायर यंत्र करतं, सर," विद्यार्थी म्हणाला, "हा माणूस करतो."

या वाक्यात सगळ्या धंद्याचे मर्म आहे. मोटारीचा एका मापाचा टायर लाखांनी खपतो, म्हणून त्याच्यासाठी मोलाचे यंत्र उभे करणे परवडते. आडवाटेच्या टायरांची मापे शेकड्यांनी आणि प्रत्येक मापाची मागणी थोडी. आज नांगरटीचा टायर, उद्या खाणीतला, परवा बंदरावरच्या यारीचा. अशा ठिकाणी माणसाच्या शिकलेल्या हाताइतके सोयीचे यंत्र नाही. म्हणून हा धंदा हातांच्या शोधात जगभर फिरत आला आहे.

कच्च्या मालाचीही भटकंती काही कमी नाही. रबराचे झाड मूळ ब्राझीलचे. १८७६ मध्ये हेन्री विकम याने त्याच्या सुमारे ७० हजार बिया लंडनच्या क्यू उद्यानात आणल्या. त्यांतल्या थोड्याच उगवल्या, पण त्यांची संतती श्रीलंका-मलायात पसरली. केरळात पेरियारच्या काठी थट्टेकाड येथे १९०२ मध्ये मळा लागला, आणि आज भारतातले निम्म्याहून पुष्कळ अधिक नैसर्गिक रबर केरळातून येते. आडवाटेच्या टायरांना हे झाडाचे रबर अधिक लागते, कारण ते दगडाने सहजी फाटत नाही. लोखंडी चाकाचे घराणे निराळे. चेन्नईजवळ पाडी येथे व्हील्स इंडिया ही कंपनी १९६० पासून त्या धंद्यात आहे. खाणीतल्या राक्षसी वाहनांचा टायर इतका ताठ असतो की तो अखंड रिमवर ताणून चढवता येत नाही. म्हणून तेथे चाकच पाच तुकड्यांचे करतात आणि टायर सरकवल्यावर कडीने जखडतात.

आता या धंद्याची जुनी गावे पाहा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अ‍ॅक्रन नावाचे शहर आहे. गुडरिच, गुडइयर, फायरस्टोन, जनरल, सगळ्या मातब्बर टायर कंपन्या तिथल्या. जगाची रबर-राजधानी म्हणून ते मिरवत होते. १९३२ मध्ये अ‍ॅलिस-चामर्स कंपनीचा ट्रॅक्टर लोखंडी चाके टाकून हवेच्या टायरांवर शेतात उतरला, तोही फायरस्टोनच्या. पण १९८२ मध्ये अ‍ॅक्रनमध्ये मोटारीचा शेवटचा टायर निघाला. १९६० मध्ये तेथे २ लाख ९० हजार लोक राहत होते; २०२० मध्ये १ लाख ९० हजार उरले. कंपनीची कचेरी गावात राहिली, हात मात्र रिकामे झाले. आणि योगायोग असा की त्याच गुडइयरचा एक कारखाना आज आपल्या वाळूजला आहे.

इतक्या दूर तरी कशाला जा? हुगळीकाठी साहागंज येथे डनलॉपने १९३६ मध्ये टायरचा कारखाना काढला. खेड्यापाड्यांत हवेच्या चाकाच्या बैलगाडीला कंपनीच्याच नावाने ओळखू लागले, एवढा त्याचा दबदबा. २०११ मध्ये त्या दारावर काम थांबल्याची पाटी लागली.

आयोवातल्या डे मॉइन गावी टायटन कंपनीचा ट्रॅक्टरच्या टायरांचा कारखाना आहे. तेथे १९९८ पासून तीन वर्षांहून अधिक काळ कामगारांचा संप चालला. मालक आणि कामगार हट्टाला पेटले होते. पण २०१६ च्या जानेवारीत त्याच कंपनीने आणि त्याच कामगारांच्या संघटनेने हातात हात घालून सरकारकडे अर्ज केला की भारत आणि श्रीलंकेतून येणारे हे टायर आमच्या पोटावर येत आहेत. २०१७ मध्ये भारतीय टायरांवर जादा शुल्क बसले. ऑगस्ट २०२५ मध्ये तर अमेरिकेने बऱ्याचशा भारतीय मालावर मिळून ५० टक्के शुल्क चढवले. डे मॉइनच्या कामगाराला मी दोष देणार नाही. त्यालाही घर आहे, मुलांच्या फिया आहेत. पण वॉशिंग्टनला एका कागदावर सही होते आणि बजाजनगरातला किराणा दुकानदार उधारीची वही उघडून विचारात पडतो, हे या धंद्याचे वास्तव आहे. चाक गोल असते, आणि त्याच्याबरोबर दैवही फिरते.

परतताना आम्ही गंगापूरच्या अंगाला पंक्चरच्या एका दुकानापाशी चहासाठी थांबलो. ऊसतोडीचा हंगाम होता. एक गाडीवान टायरची बैलगाडी सोडून बसला होता. बैल बाजूला रवंथ करीत होते आणि चाकाला ठिगळ लागत होते. टायरची नक्षी पार पुसून गेलेली.

"नवा टायर नाही घेतला?" मी विचारले.

"नवं कुठलं घेता, सायेब? ट्रकचं उतरलेलं हाये. फडात चिखल असला की घसरतंय, बैलाच्या मानेवर येतंय सगळं."

तेवढ्यात रस्त्यावरून नव्या टायरांनी लादलेला एक ट्रेलर गेला. गाडीवानाने तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला.

"कुठं जातेत हे?"

"बंदरावर, काका. तिथून परदेशी," विद्यार्थी म्हणाला.

"मंग आपल्या हितं लागत न्हाईत का?"

विद्यार्थी काहीच बोलला नाही. उत्तर त्याला ठाऊक नव्हते असे नाही. परदेशी शेतकऱ्याच्या दोनशे अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचा टायर या गाडीला बसणार नाही, आणि बसला तरी परवडणार नाही, हे हिशेबाचे उत्तर झाले. प्रश्न हिशेबापलीकडचा होता.

चाक कुठे होते याला महत्त्व आहे ते यासाठीच. केवळ स्वस्त हातांच्या जोरावर आलेला धंदा उद्या आणखी स्वस्त हात सापडले की उठून जातो. अ‍ॅक्रनच्या घटत्या वस्तीत ते लिहिलेले आहे. पण ज्या गावाचे हात नुसते थर चढवत नाहीत, तर कुठल्या मातीला कसली नक्षी हवी हे जाणतात, त्या गावाला सोडून जाणे धंद्यालाही जड जाते. वाळूजचे हात युरोप-अमेरिकेची माती ओळखायला शिकले आहेत. त्यांच्या दारातच मराठवाड्याची काळी, चिकट, पावसात घोट्यापर्यंत ओढणारी माती पसरली आहे. त्या मातीत चालणाऱ्या बैलांची मान थोडी हलकी करणारे चाक या माहेरी घडले, तर परदेशाच्या शुल्काची धास्ती थोडी कमी होईल आणि गाडीवानाच्या प्रश्नालाही उत्तर मिळेल. लेकी चांगल्या घरी पडल्या म्हणून माहेराने अनवाणी चालावे असे थोडेच आहे?