ओढ

गेल्या मार्चपासून मी टॅपेट सेट करत नाही. फीलर गेज अजून पेटीत आहे, तेलाचा हात फिरवून, रेक्झिनच्या पाकिटात. पण पान रॉकरखाली सरकवून ‘बरोबर’ म्हणायचा हक्क आता माझा राहिलेला नाही. तो कोणी मागितलाही नव्हता. एकोणीस वर्षांच्या एका मुलीने एका सकाळी सहज एक वाक्य टाकलं आणि चौतीस वर्षांची माझी मिरास गेली.

गाडी २००१ची होंडा सिटी, १.५ व्हीटेक. पनवेलच्या एका गृहस्थांकडून ६८ हजारांना आणली तेव्हा काट्यावर २ लाख ४१ हजार किलोमीटर होते, डिकीत सीएनजीची टाकी होती आणि मागच्या चाकांवरच्या कमानी बोट लावलं की खारीसारख्या तुटत होत्या. पत्रा, रंग, गाद्या यांबद्दल मी इथं काही लिहिणार नाही. ती कामं करावी लागतात, केली. दीड वर्ष गेलं. सोसायटीच्या पार्किंगमधल्या माझ्या जागेवर तेलाचा एक नकाशा तयार झाला, त्यावरून सेक्रेटरींनी दोन नोटिसा लावल्या, आणि सौ.नी या गाडीत किती तोळे सोनं गेलं याचा हिशोब कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला. आरटीओचा खर्च त्यात धरलेला नाही. १ एप्रिल २०२२ला जुन्या कारची नोंदणी पुन्हा करायची फी सहाशेवरून पाच हजारांवर गेली, आणि वर हरित कर.

ही गाडी का, असं तरुण मुलं विचारतात. १९९८ साली सिटी भारतात आली आणि २००० साली तिला व्हीटेक इंजिन मिळालं: दीड लिटरमधून १०६ अश्वशक्ती. आयकॉन १.६वाले आणि लान्सरवाले तेव्हा काय काय बोलायचे ते मला पाठ आहे. मी बोलायचो नाही, कारण मी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होतो आणि स्कूटरवरून कामाला जायचो. गेटवर मॅनेजर लोकांच्या दोन सिट्या उभ्या असायच्या. सुटीच्या भोंग्यानंतर त्यातली एक पहिल्या गिअरमध्ये ओढून, आवाज बदलेपर्यंत नेली जायची, तो आवाज ऐकायला मी स्कूटरला किक मारायचं थांबवायचो. तीन कॅमलोबमधला मधला कामाला लागतो तेव्हाचा तो आवाज. मग २००३ साली नवी सिटी आली. सिलिंडरला दोन-दोन प्लग, ७७ अश्वशक्ती, आणि लोक खूश, कारण ती ‘देते’ जास्त. १०६वरून ७७वर आलो आणि कुणाला वाईट वाटलं नाही. ‘किती देते?’ हा प्रश्न ज्या दिवशी आपण म्हशीकडून गाडीकडे आणला, त्या दिवशीच या देशातली चांगली इंजिनं संपली, असं माझं मत आहे. सौ. म्हणते की हे मत मी दर पाहुण्याला सांगतो.

तर, मिसिंग.

थंड असताना गाडी गुणी. पहाटे स्टार्ट केली की स्लोला अशी बसायची की बॉनेटवर रुपया उभा करावा. रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद झाला की लंगडायला सुरुवात. सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला की कळायचं: फुप, फुप, फुप आणि मग घास अडकल्यासारखा एक खंड. रेस दिली की नाहीसं. सिग्नलला उभं राहिलं की पुन्हा. बाजूच्या रिक्षावाल्यालाही ऐकू जाईल, इतकं.

मी काय काय केलं ते सांगत नाही. ज्याने हे काम केलंय त्याला यादी माहीत आहे. डिस्ट्रिब्युटरचं टोपण मात्र सांगायला हवं, कारण अस्सल म्हणून घेतलेलं ते निव्वळ नकली निघालं, आतली पितळी टोकं नखाने हलत होती. कुर्ल्याहून दुसरं आणलं. मिसिंग तसंच. डॅशबोर्डखालचा दोन पिनांचा सॉकेट वायरीच्या तुकड्याने जोडून चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो का पाहिलं, कोड काही नाही. मग मी ई-२०वर गेलो. पेट्रोलमधलं वीस टक्के इथेनॉल जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना मानवत नाही, हे खरंच आहे; मी सगळ्या नळ्या बदलल्या आणि वर सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर धोरणावर चार परिच्छेद लिहिले. नळ्या बदलायलाच हव्या होत्या. परिच्छेद नव्हते.

आणि या प्रत्येक उपायाच्या मधे मी टॅपेट सेट करायचो. गरज म्हणून नव्हे. माणूस अडचणीत सापडला की जपमाळ काढतो, तसं. जगात दुसरं काही हातात राहिलं नाही तरी सोळा टॅपेट माझ्या हातात आहेत, असं मला वाटायचं.

व्हॉल्व्हची फट इनटेकला ०.१८ ते ०.२२ मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.२३ ते ०.२७, इंजिन ३८ अंशांच्या खाली. मॅन्युअल लिहिणारा जपानी माणूस एप्रिलमध्ये पुण्यात आला नसावा. इथं दुपारी गाडी न चालवताच ३८ होतात. म्हणून साडेपाचला उठून काम. सिलिंडरांचा क्रम एक-तीन-चार-दोन, आणि होंडाचं हे इंजिन उलटं फिरतं हे विसरायचं नाही. पण आकडे कुणीही वाचेल. खरी गोष्ट पानाची ओढ. पान फटीतून बाहेर येताना हाताला किती धरून ठेवतं, ती ओढ. आणि चेक नट आवळताना स्क्रू केसभर सोबत फिरतो, त्यामुळे ओढ आधी जराशी सैल ठेवायची आणि नटाने ती जागेवर आणायची. हे किती, ते सांगता येत नाही. आमचे मिस्त्री म्हणायचे, जुन्या बासनातून पोथीचं पान काढतोस तसं. मी होय म्हणायचो. आमच्या घरी पोथी नव्हती. पण एके दिवशी ते आलं, आणि मग चौतीस वर्षं गेलं नाही.

इथं एक कबुली आहे. या कामासाठी पास-नापासाची पद्धतही आहे: ०.२३ गेलं पाहिजे, ०.२८ जाता कामा नये, संपलं. ओढ वगैरे काही नाही. टूलरूममध्ये मी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी गो-नोगो गेजच बनवले. लाइनवरच्या पोरांच्या हातावर कंपनीचा भरवसा नसतो, म्हणून. मला ती पद्धत हातावर भरवसा नसलेल्यांची वाटायची. अजून वाटते. गॅरेजमध्ये कुणी दोन पानं घेऊन टॅपेट तपासताना दिसला की मी मान वळवायचो, त्याला दिसेल अशी.

मुलगी आमच्या इमारतीत तळमजल्यावर ब्लाउज शिवणाऱ्या ताईंची. आयटीआयला मोटर मेकॅनिक करते. संध्याकाळी उभी राहायची, मग पाना हातात द्यायला लागली, मग मी न सांगता पुढचा पाना देऊ लागली. हुशार आहे, पण तिच्यात एक वाईट खोड आहे: ती मोजते. मला एखादी गोष्ट वाटली की ती म्हणते, ‘मोजूया ना, काका.’

कॉम्प्रेशन मी मोजलं होतं. चारही सिलिंडर एकसारखे, १७५च्या आसपास. ती म्हणाली, ‘गरम इंजिनावर?’ मी म्हटलं, अगं, सकाळी सोसायटी झोपलेली असते, तेवढाच वेळ मिळतो. कॉम्प्रेशन गरम इंजिनावर बघायचं, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं, आणि मी तिच्यासमोर ते पार्किंगच्या वेळापत्रकावर ढकललं. खरं कारण असं की गरम इंजिनावर काय दिसेल याची मला भीती होती. त्या रविवारी दुपारी ती, मी आणि सेक्रेटरींची तिसरी नोटीस, अशा आम्ही तिघांनी ते गरम मोजलं. १७४, १७६, ११८, १७५.

तिसरा. आणि ती नुसती उभी राहिली, काही बोलली नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गरम झाला की लांबतो. फट पुरेशी नसेल तर तो सीटवर पूर्ण टेकत नाही, दाब निसटतो; आणि टेकत नाही म्हणून त्याची उष्णताही सीटला जात नाही, मग कड जळायला लागते. सैल टॅपेट वाजतो, त्याची तक्रार तरी ऐकू येते. घट्ट टॅपेट गप्प राहून व्हॉल्व्ह खातो. हे मी तिला दहा वेळा सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे कव्हर काढलं. मी क्रॅंक फिरवून तिसऱ्याला आणला, तिने ०.२५चं पान घातलं. गेलं नाही. ०.२०. नाही. ०.१५. मग ती तशीच खाली खाली येत ०.०५वर आली, ते पान इतकं पातळ की फुंकरीने हलतं. ते कसंबसं गेलं. मग तिने बाकीचे एक्झॉस्ट पाहिले. कुठे ०.१५, कुठे ०.१७. एकही ०.२०च्या वर नाही. इनटेकही तसेच, थोडे थोडे कमी.

‘काका,’ ती म्हणाली, ‘सगळेच सारखे घट्ट आहेत.’

हेच ते वाक्य. एक टॅपेट घट्ट असता तर मी सीएनजीला शिव्या दिल्या असत्या. सीएनजीवर चाललेल्या जुन्या इंजिनात एक्झॉस्टच्या सीटा झिजतात, व्हॉल्व्ह वर सरकतो, फट आपोआप कमी होते. तिसऱ्यात तसं झालंही असणार, आणि मी पहिल्या मालकाला मनातल्या मनात रात्रभर धरून ठेवलं होतं. पण सोळाच्या सोळा एकाच बाजूला चुकले असतील, तर दोष इंजिनाचा नसतो. गेजचा असतो. आणि गेज मी होतो.

हाताची गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं, उजवी. रात्री मुंग्या येऊन जाग यायची, हात झटकला की बरं. नंतर नंतर सदऱ्याचं बटण लावताना बघावं लागायचं. डॉक्टरांनी मनगटावर तारा लावून नस तपासली आणि कार्पल टनेल म्हणाले. काय काम करायचात? साच्यांना पॉलिश, पेन्सिल ग्राइंडरने, वीसेक वर्षं. त्यांनी मान हलवली. मी घरी येऊन सौ.ला सांगितलं, व्हिटॅमिन कमी आहे.

बधिर बोटं मोजायचं थांबत नाहीत, हीच गोची आहे. ती फक्त जास्त मागतात. मला ओळखीची ती ओढ लागायची. ती जाणवेपर्यंत मी स्क्रू आवळायचो. जाणवली की समाधान. मुंग्या वाढत गेल्या तशी मला ओढ जास्त लागत गेली आणि फट कमी होत गेली, आणि दर वेळी माझं समाधान अगदी पहिल्यासारखं होतं. चार महिन्यांत मी सहा वेळा टॅपेट सेट केले. मिसिंग आधीच थोडं असेल. बाकीचं मी घातलं.

त्या सकाळी तिने सोळाही सेट केले, दोन पानांनी, पास-नापास. मी टॉर्च धरला. मधेच मला राहवलं नाही, म्हटलं, नुसतं जातं की नाही बघू नकोस, ओढ बघ. ‘कशी?’ मी पोथीचं पान सांगितलं. तिच्याही घरी पोथी नाही. तिने ०.२५ पुन्हा घातलं, हळू काढलं, पुन्हा घातलं. मग म्हणाली, ‘आईच्या मशीनचा दाब खाली असताना कापड ओढून बघितलं की लागतं, तसं?’

मी कधी शिलाई मशीनवर बसलो नाही. म्हटलं, हो, तसंच.

संध्याकाळी गाडी कात्रजच्या जुन्या घाटाकडे नेली. ती शेजारी. पायथ्याशी पंखा लागून बंद झाल्यावर पाच मिनिटं स्लोला उभी केली आणि सायलेन्सरशी तळहात धरला. तळहाताला अजून कळतं. फुप, फुप, फुप, फुप. तिसरा आता १६१ देतो. कड थोडी जळली असणार, कधीतरी हेड उतरवावं लागेल. वर जाताना दुसऱ्यात काटा चढवला आणि गेटवरचा तो आवाज आला. तिला वाटलं काही तुटलं.

पास-नापासाने मला आजही टॅपेट जमतील, हे मला माहीत आहे. बधिर बोटालाही गेलं की नाही एवढं कळतंच. पण मी ते करत नाही. एक पद्धत चौतीस वर्षं हिणवली, आता तिचा टेकू घेऊन त्याच लोकांच्या रांगेत उभं राहायचं, त्यापेक्षा टॉर्च धरलेला बरा. हे शहाणपणाचं नाही, हे सौ.ने सांगायची गरज नव्हती, तरी तिने सांगितलं.

परवा पुन्हा कव्हर काढलं होतं, तीन हजार किलोमीटर झाले म्हणून. तिसऱ्याच्या एक्झॉस्टवर ती थांबली, पान फटीतच ठेवलं आणि म्हणाली, ‘काका, तुम्ही बघा एकदा.’ मी टॉर्च तिच्याकडे दिला. डोळे मिटून पान ओढलं, जसं पूर्वी करायचो. आत घातलं, पुन्हा ओढलं. थोडा वेळ घेतला, जेवढा जाणकार माणूस घेतो तेवढा.

‘बरोबर आहे,’ मी म्हटलं.

तिने पान घेतलं, उजेडात फिरवून त्यावरचा आकडा पाहिला. ‘हे वीसचं होतं, काका.’ चुकून दिलं की मुद्दाम, ते मी विचारलं नाही. तिने पंचवीसचं काढलं आणि रॉकरवर वाकली. मी टॉर्च परत घेतला आणि जरा वर धरला, तिच्या हाताची सावली पडत होती म्हणून.