दाखला

दाखला न्यायला आलेले पालक विचारतात, “सर, उर्दू शिकून पोटाचं काय?” मला अरूज आफताब आठवते. लाहोरला वाढलेली ही मुलगी. विशीच्या आत तिने गायलेलं इंग्रजी ‘हालेलुया’ इंटरनेटवरून पाकिस्तानात गाजलं. मग बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात जॅझ शिकली. इंग्रजीची वाट तयारच होती. तरी २०१४च्या पहिल्या अल्बममध्ये तिने ‘मन कुन्तो मौला’ घेतलं. २०२१च्या अल्बममध्ये हफीज होशियारपुरींची गझल, साडेसात मिनिटांहून लांब, जराही घाई नाही. आणि त्याच अल्बममध्ये इंग्रजीतला रूमी. २०२२ला ग्रॅमी मिळालं. ते मी पालकांना सांगत नाही, लाखांत एकीला मिळतं. मधली सात वर्षं सांगतो. ते अदबीने ऐकतात, दाखला घेऊन जातात.