तपासणाऱ्याची तारीख

२००७ साली गणेश चतुर्थी १५ सप्टेंबरला होती. मुलुंडच्या आमच्या घरच्या पाच दिवसांच्या गणपतीचे विसर्जन १९ तारखेला झाले आणि नेमकी त्याच दिवशी लिनक्सवरील ग्नोम या मुक्त डेस्कटॉपची २.२० ही आवृत्ती बाहेर पडली. आमच्या छोट्या स्वयंसेवी प्रकल्पाने ग्नोमचेच वेळापत्रक स्वीकारले होते. एका विद्यार्थ्याने पाठवलेली दुरुस्ती आमच्या त्या वेळच्या आवृत्तीत गेली नाही, याचा दोष मी बरीच वर्षे गणपतीवर टाकत आलो.

दुरुस्ती चाळीसेक ओळींची होती. मूळ कोडमध्ये वाक्याचे तुकडे इंग्रजी क्रमाने जोडलेले असल्यामुळे मराठीत क्रियापद भलत्याच जागी येऊन बसे. त्याने ते तुकडे काढून एकसंध वाक्य घातले, म्हणजे भाषांतर करणाऱ्याला शब्दांचा क्रम बदलता यावा. मराठीचा कान असल्याशिवाय हा दोष दिसलाच नसता.

ग्नोमची आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मार्च आणि सप्टेंबरमध्ये निघते. कोणाचे काम राहिले म्हणून ती थांबत नाही. लोकल चुकली की पुढची, तसेच हे. फरक इतकाच की पुढची सहा महिन्यांनी येते. आवृत्तीच्या काही आठवडे आधी पडद्यावरचा मजकूर गोठवतात, जेणेकरून भाषांतरकारांचे काम वाया जाऊ नये. त्यानंतर मजकूर बदलायचा तर खास परवानगी लागते. शिस्त मला पूर्ण मान्य आहे. एकमेकांना कधीही न भेटलेली, बिनपगारी माणसे दुसऱ्या कशाने एकत्र राहणार?

पण या वेळापत्रकात लिहिणाऱ्याला तारीख होती, तपासणाऱ्याला नव्हती. त्या मुलाची दुरुस्ती ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच आली होती, मजकूर गोठण्याच्या पुष्कळ आधी. कचेरीतून परतताना घाटकोपरच्या पुढे कुठेतरी मला ती रोज आठवे आणि घरी पोचेपर्यंत विसरे. त्याने दोनदा नम्रपणे विचारले. दोन्ही वेळा मी ‘बघतो’ म्हणालो.

अखेर दिवाळीनंतर बसलो, तेव्हा वीस मिनिटे लागली. मार्चच्या आवृत्तीत ते वाक्य नीट उमटले. मी त्याला आनंदाने कळवले. उत्तर आले नाही.

मग आम्ही नियम केला: सात दिवसांत तपासणी झाली नाही, तर तपासणाऱ्याने स्वतः दुसऱ्याचे नाव सुचवायचे. पुढच्या वेळापत्रकात मी ३ सप्टेंबर २००८ समोर ‘गणेश चतुर्थी’ असेही लिहून ठेवले.