हरलेल्या दौऱ्याचा हिशेब

तीन कसोटी, तिन्ही पराभव आणि मालिकावीर हरलेल्या संघाचा कर्णधार. १९९९-२००० च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याचं हे गणित मला अजून नीट सुटलेलं नाही. ॲडलेडला आपण २८५ धावांनी हरलो, मेलबर्नला १८० धावांनी आणि सिडनीला एक डाव १४१ धावांनी. सचिन तेंडुलकरच्या सहा डावांत २७८ धावा झाल्या. रिकी पॉन्टिंगच्या त्याहून जास्त होत्या, तरी बक्षीस सचिनला मिळालं. ते कौतुक होतं की जिंकणाऱ्याला परवडणारा दिलदारपणा, कोण जाणे. सचिननं बक्षीस घेतलं आणि थोड्याच दिवसांत कर्णधारपद सोडलं.

स्टीव्ह वॉचा तो संघ तेव्हा कुणाचीच गय करत नव्हता. त्याच उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, त्यांनी पाकिस्तानलाही ३-० असं धुतलं होतं. मॅकग्राचा टप्पा हलायचा नाही, वॉर्न दुसऱ्या टोकानं श्वास घेऊ द्यायचा नाही. मेलबर्नला ब्रेट ली नावाचा पोरगा पहिलीच कसोटी खेळला आणि पहिल्या डावात ४७ धावांत पाच बळी घेऊन गेला. आपल्याकडे सलामीची जोडीच धड नव्हती. सिडनीला तर यष्टिरक्षक एमएसके प्रसादला सलामीला पाठवावं लागलं.

अशा दौऱ्यात आपण प्रेक्षकांनी एक युक्ती शोधून काढली होती. पहाटे टीव्ही लावायचा आणि सामना नव्हे, डाव बघायचा. दाराशी दूधवाला आला तरी तो ‘भारताचे किती झाले?’ असं विचारत नसे, ‘सचिन आहे ना?’ असं विचारी. मेलबर्नला संघाच्या २३८ मध्ये सचिनच्या ११६ होत्या. त्या दिवशी आम्ही हरत होतो असं आम्हाला वाटलंच नाही. या सवयीला मी उगाच नावं ठेवणार नाही. परदेशात सतत हरणाऱ्या संघावर प्रेम करायचं तर माणसाला काहीतरी धरून बसावं लागतं. पण तिच्यात पळवाटही होती. ॲडलेडच्या दुसऱ्या डावात मॅकग्राचा आखूड चेंडू अपेक्षेइतका उसळलाच नाही, वाकलेल्या सचिनच्या खांद्याला लागला आणि पंचांनी त्याला शून्यावर पायचीत दिलं. खांद्यावर चेंडू लागून माणूस पायचीत कसा होतो, यावर नाक्यानाक्यावर किती भांडणं झाली! त्या डावात सगळे मिळून ११० झाले, हे मात्र कुणी फारसं बोललं नाही. वीस बळी कोण घेणार, हा प्रश्न तर आमच्या गप्पांत यायचाच नाही.

मग सिडनी. तिसऱ्याच दिवशी संपलेल्या त्या कसोटीत ऑस्ट्रेलियानं ५ बाद ५५२ वर डाव सोडला होता आणि मॅकग्रानं सामन्यात दहा बळी घेतले. आपल्या दुसऱ्या डावातल्या २६१ पैकी १६७ एकट्या लक्ष्मणच्या. बाकीच्यांत कुणी तिशीलाही पोचलं नाही. ऑफला पडलेला चेंडू मनगट वळवून मिडविकेटला जात होता, आणि सामना वाचण्याची शक्यता कधीचीच संपलेली होती.

आज या खेळीची गोष्ट सांगताना कोलकाता आणल्याशिवाय कुणाला राहवत नाही. ऑस्ट्रेलियाची सलग सोळा विजयांची मालिका मार्च २००१ मध्ये ईडन गार्डन्सवर तुटली ती लक्ष्मणच्याच २८१ मुळे. तेव्हा सिडनीत बी पेरलं गेलं होतं, असं म्हणायचं. मला हे पटत नाही. जानेवारी २००० मध्ये ते बी वगैरे काही नव्हतं. हरलेल्या सामन्यात एक माणूस सुंदर खेळत होता, इतकंच. पुढे कोलकाता घडलं नसतं तर त्या १६७ धावा कमी सुंदर झाल्या असत्या का?

अजित आगरकरचंही तसंच. त्या मालिकेत त्याला लागोपाठ पाच भोपळे मिळाले, त्यातले चार पहिल्याच चेंडूवर. मुंबईच्या या पोरावर विनोद करण्यात मुंबईकरच पुढे होते. डिसेंबर २००३ मध्ये ॲडलेडलाच त्यानं ४१ धावांत सहा बळी घेतले, आपण कसोटी जिंकलो, आणि भोपळ्यांचा किस्सा एकदम प्रेमानं सांगण्याजोगा झाला.

पण ज्यांच्या वाट्याला पुढचं ॲडलेड आलंच नाही त्यांचं काय? पुण्याचा हृषीकेश कानिटकर आपल्याकडे अजून ढाक्याला पाकिस्तानविरुद्ध मारलेल्या त्या विजयी चौकारावर ओळखला जातो. त्याची पहिली कसोटी मेलबर्नची, शेवटची सिडनीची. त्याच्या वडिलांनी, हेमंत कानिटकरांनीही १९७४ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध दोनच कसोटी खेळल्या होत्या. हृषीकेश नंतर वर्षानुवर्षं रणजी खेळला, राजस्थानचा कर्णधार म्हणून त्यानं करंडकही जिंकला; भारताची कसोटी टोपी मात्र पुन्हा डोक्यावर चढली नाही. मेलबर्नच्या दुसऱ्या डावात संघ १९५ मध्ये आटोपला, त्यात ४५ त्याच्या होत्या. समोर मॅकग्रा, ली, वॉर्न, पहिली कसोटी, सामना हातचा गेलेला. त्या दौऱ्याबद्दल कुणी विचारलं तर सचिनच्या शतकाआधी मी या पंचेचाळीस धावांचं नाव घेतो, आणि समोरचा हमखास म्हणतो, ‘कानिटकर? तो कसोटी खेळला होता?’