शोभत नाही

परवा लेकीने टीव्हीवर 'अलीगढ' लावून दिला. २०१६ चा सिनेमा, मी आत्ता पाहिला. मनोज बाजपेयीने रंगवलेले प्राध्यापक खरेच होऊन गेले आणि ते मराठी शिकवायचे, हे मला ठाऊकच नव्हतं! प्रा. रामचंद्र सिरस. मूळचे नागपूरचे, मराठीत कविता लिहिणारे, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात आधुनिक भारतीय भाषांचे विभागप्रमुख.

२०१० च्या फेब्रुवारीत काही जण कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले आणि एका पुरुषाबरोबर असताना त्यांचं चित्रण केलं. घुसणारे राहिले बाजूला, निलंबित झाले सिरस सर. निवृत्तीला काही महिने उरले होते. वास्तविक दोन सज्ञान माणसांनी संमतीने ठेवलेले असे संबंध गुन्हा नाहीत, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ सालीच सांगितलं होतं. म्हणजे गुन्हा नव्हता, 'गैरवर्तन' मात्र होतं! १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. त्यानंतर आठवड्याभरात सर घरात मृतावस्थेत सापडले.

केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १९६४ चे वर्तणूक नियम आहेत. नोकराला न शोभणारं काही करू नये, असं त्यातला तिसराच नियम सांगतो. शोभतं काय आणि नाही काय, हे ठरवणार साहेब. सर्वोच्च न्यायालयाचा ३७७ वरचा निकाल २०१८ चा. उत्तर प्रदेशात एका होमगार्डला अशाच कारणावरून काढलं होतं, त्याच्या बाजूने २०२१ मध्ये उच्च न्यायालय उभं राहिलं. पण प्रत्येकाने कोर्टातच जायचं का? तृतीयपंथीयांना नोकरीत भेदभाव नको, असा कायदा २०१९ मध्ये झाला. समलिंगी माणसासाठी तसं स्पष्ट सांगणारा कायदा अजून नाही.

हे सगळं मी कोणत्या तोंडाने लिहिते आहे?

आमच्या शाळेत (अनुदानित, पगार सरकारचाच) चित्रकलेचे एक सर होते. अविवाहित. शनिवारी शाळा सुटली की त्यांचा मित्र फाटकाशी यायचा, दोघं सायकलवरून जायचे. एवढंच. स्टाफरूममध्ये मात्र कुजबुज. मी तेव्हा पर्यवेक्षिका. गोपनीय अहवालात वर्तणुकीच्या रकान्यात मी लिहिलं, "शिक्षकी पेशाला शोभेसे नाही, असे ऐकिवात आहे." ऐकिवात!

प्रतिकूल शेरा नियमाप्रमाणे त्यांना कळवला गेला. ते माझ्या टेबलाशी आले. "बाई, तुम्ही काय पाहिलंत?"

"लोक बोलतात हो सर," मी म्हटलं आणि वह्या तपासत राहिले.

निवडश्रेणीच्या वेळी तो शेरा आडवा आला. पुढच्या जूनमध्ये त्यांनी राजीनामा दिला. निरोपाचा नारळ माझ्याच हातून दिला गेला.

त्यांचा पत्ता आमच्या जुन्या क्लार्ककडे असेल. विचारते त्यांना.