सोडलेली गोळी

बाबा गेल्यावर आईला रात्र रात्र झोप लागेना. तेव्हा पंधरवड्यापुरती लिहून दिलेली अल्प्राझोलमची पाव मिलिग्रॅमची गोळी वर्षानुवर्षं चालली आणि वाढत वाढत सकाळी एक, रात्री एक मिलिग्रॅमवर आली. २०१४ पासून हे औषध एच-१ यादीत आहे. चिठ्ठी बघून, रजिस्टरात नोंद करूनच द्यायचं. पण जुन्या, मळक्या चिठ्ठीवर ते मिळत राहिलं.

गारखेड्यात आमच्या गल्लीत कुणीतरी तिला सांगितलं, या गोळ्यांनी विसरायला होतं. आई निग्रहाची. कुणाला न सांगता तिने गोळ्या कचऱ्यात टाकल्या.

दोनेक दिवसांत हात कापू लागले, घामाने पदर भिजू लागला. ट्यूबलाइट सोसेना. सूतगिरणी चौकातले हॉर्न घरातच वाजतात म्हणून ती कानांवर उशी दाबून बसे. मग चादरीवर मुंग्या आल्या. "झटक ना गं त्या!" चादर स्वच्छ होती. रात्री ती बाबांना जेवायला वाढू लागली. मला विचारलं, "तू कुणाची गं?"

मावशी म्हणाली, बाहेरचं आहे. भाऊ म्हणाला, वय झालं. लिंबू उतरवून झालं. त्याने बिघडलं काही नाही, रात्र तेवढी गेली. पहाटे तिला फिट आली.

दवाखान्यात साखर, ताप, मेंदूचा फोटो, सगळं पाहिलं. काय काय घेतात, हे प्रत्येकाने विचारलं. मानसोपचारवाल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी उलटं विचारलं, "इतक्यात काही बंद केलंय का?"

मेंदूला शांत ठेवणाऱ्या गाबा या रसायनाचा परिणाम ही गोळी वाढवते. वर्षानुवर्षं अशी मदत मिळाली की मेंदू आपली व्यवस्था तिच्या भरवशावर लावतो. ती एकदम काढली की सगळा मेंदू उत्तेजित होतो: भास, भ्रम, फिट, क्वचित मृत्यूही. अल्प्राझोलम शरीरातून लवकर उतरतं, म्हणून फटकाही लवकर बसतो. हेदर अ‍ॅश्टन यांनी इंग्लंडात न्यूकॅसलला १९८२ ते १९९४ अशा गोळ्या सोडवण्याचंच क्लिनिक चालवलं. त्यांची रीत साधी: शरीरात जास्त वेळ टिकणाऱ्या डायझेपामवर आणायचं आणि महिनोन्महिने थोडं थोडं उतरवायचं.

आईचं तसंच चाललंय. मुंग्या गेल्या, मी पुन्हा तिची मुलगी झाले. डोस उतरवायची वेळ आली की ती घासाघीस करते. "या महिन्यात नको हो, पाडव्याला पाहुणे आहेत." डॉक्टरीणबाई हसल्या आणि पाडव्यानंतरची तारीख दिली.